काळजाभोवतीचं पाणी

"कालपर्यंत दाणा नीट खात होती हो, डॉक्टर." पेणजवळच्या एका ब्रॉयलर शेडमध्ये ऑगस्टच्या झडीत ऐकलेलं हे वाक्य. पिल्लं 24 दिवसांची, अंगाने चांगली भरलेली. सकाळी तुसावर मरून पडलेलं एक पिल्लू उचलून पशुवैद्यांनी तिथेच उघडलं. हृदयाभोवतीची पातळ पिशवी पिवळसर पाण्याने टम्म फुगली होती आणि आत हृदय तरंगत होतं. सोललेल्या लिचीवरून याला 'लीची रोग' म्हणतात. मला मात्र ताडगोळा आठवला.

पाहणाऱ्याची नजर हृदयावरच खिळते. खरा घाव असतो शेजारच्या यकृतावर. निरोगी पिल्लाची कलेजी गडद तांबूस, कडेला पातळ, बोटाला घट्ट लागणारी. ही फिकट पिवळी होती, सुजून कडा बोथट झालेल्या, वर रक्ताचे टाचणीएवढे ठिपके. बोट लावताच भुसभुशीत वडीसारखी फुटली.

हा रोग 1987 मध्ये कराचीजवळच्या अंगारा गोठ इथे प्रथम ओळखला गेला. 1994 च्या सुमारास तो भारतात आढळला. कारण आहे कोंबड्यांचा अ‍ॅडिनोव्हायरस, त्यातला चौथा प्रकार. माणसाला तो होत नाही. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो तुसात, पाण्यात, खाद्यात उतरतो आणि चोचीवाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. आईच्या अंड्यातूनही येतो.

यकृताच्या पेशीत शिरला की विषाणू थेट तिच्या केंद्रकात जाऊन बसतो आणि पेशीची सगळी यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. रंग दिलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर केंद्रकाच्या जागी गडद निळा-जांभळा गोळा दिसतो. तो विषाणूंचा साठा. शेवटी पेशी फुटते आणि हजारो विषाणू शेजारच्या पेशींवर जातात.

यकृताचं एक काम म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन तयार करणं. रक्तातलं पाणी रक्तवाहिनीतच धरून ठेवायचं, ही अल्ब्युमिनची कामगिरी. यकृत कोलमडलं की ते घटतं, शिवाय विषाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही इजा करतो. मग पाणी झिरपून हृदयाभोवती साचतं. रक्त गोठवणारे घटकही यकृतातच बनतात, म्हणून ते ठिपके.

लहान पिल्लंच का? आईकडून बलकातून मिळालेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते आणि स्वतःची अजून पक्की झालेली नसते. त्यातच ब्रॉयलर 40 ग्रॅमवरून सुमारे 40 दिवसांत 2 किलोवर जातो. म्हणजे जवळपास 50 पट वाढ, आणि तिचा सगळा भार यकृतावर. गंबोरो हा प्रतिकारशक्तीवरच घाला घालणारा विषाणूजन्य रोग होऊन गेला असेल तर प्रतिकारशक्ती आणखीच खचलेली असते.

आणि मग आपला कोकणातला पाऊस. दमट हवेत मक्याला, शेंगपेंडीला बुरशी लागते. त्यातल्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात आणि तेही यकृतावरच घाला घालतं. विषाणू यायच्या आधीच यकृत अर्धं थकलेलं असतं. त्या शेडमध्ये खाद्याची पोती ओल्या भिंतीला टेकवून थेट कोब्यावर रचली होती. ते पाहून जीव तुटला, कारण चार फळ्या खाली घालणं आणि पोती भिंतीपासून हातभर दूर ठेवणं एवढंच करायचं होतं.

मर लागली की अँटिबायोटिकच्या बाटल्या पाण्यात रिकाम्या होतात. विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही. या विषाणूला चरबीचं बाह्य आवरण नसतं, त्यामुळे साबणाच्या जातीची जंतुनाशकंही त्याला फारशी लागत नाहीत. फॉर्मलिन किंवा आयोडीनयुक्त द्रावण लागतं. मेलेली पिल्लं ओहोळात टाकली तर खालच्या वाडीतल्या गावठी कोंबड्यांपर्यंत रोग पोचतो. खोल खड्डा आणि चुना, हेच बरं.

लस आहे. साथीच्या सुरुवातीला ती रोगी पिल्लांच्या कलेजीपासूनच बनवली गेली: कलेजी वाटून, गाळून, फॉर्मलिनने विषाणू निकामी करून. पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना लस दिली तर संरक्षण बलकातून पिल्लांकडे जातं, म्हणून पिल्लं घेताना हॅचरीला हे विचारायलाच हवं.

पशुवैद्यांनी कलेजीचे दोन तुकडे घेतले, एक फॉर्मलिनच्या बाटलीत, एक बर्फात. "राहिलेली वाचतील का?" मालकाने विचारलं. ते म्हणाले, मर साधारण आठवडाभर जोरात असते, मग उतरते. ज्यांचं यकृत थोडं तरी शाबूत आहे, त्यांचं पुन्हा भरून येतं. तोवर खाद्य कोरडं द्या.

मालक पोती उचलायला लागले.