सीआरपीचा आकडा आणि फुप्फुसात झोपलेली पेशी

'सीआरपी वाढलं की फुप्फुसाचा कर्करोग होतो' असा एक मजकूर परवा माझ्या फोनवर आला. खाली सीआरपी 'उतरवणाऱ्या' डिटॉक्स पावडरीची जाहिरात होतीच. पावडर थोतांड आहे. पण वरचं वाक्य सरसकट खोटं म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे.

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. ते यकृतात बनतं. हिरडी सुजो, सांधा सुजो, नाहीतर छातीत जंतुसंसर्ग होवो, यकृत ते रक्तात सोडतं. मोठ्या संसर्गात ते शेकडो पटींनी चढतं आणि यकृताने ते सोडणं थांबवलं की रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं. शरीरात कुठेतरी दाह आहे, एवढंच हा आकडा सांगतो. कुठे, ते नाही.

२०१९ मध्ये २० लोकसमूहांतल्या पाच हजारांहून जास्त फुप्फुस-कर्करुग्णांचं, आजार कळण्याआधी साठवलेलं रक्त तपासलं गेलं. धूम्रपान करणाऱ्यांत आणि ते सोडलेल्यांत सीआरपी जास्त असेल तर धोकाही थोडा जास्त दिसला. मात्र हा संबंध सर्वात ठळक होता तो निदानाआधीच्या दोन वर्षांत. म्हणजे गाठ बहुधा आधीच होती, फक्त कुणाला दिसली नव्हती. म्हणूनच जास्त धोका असलेल्यांची गाठ शोधायला कमी किरणोत्साराचा सीटी स्कॅन करतात, सीआरपी नव्हे. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (२०११) छातीच्या साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुप्फुस-कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले.

आता माझा लाडका भाग. जरा किचकट आहे, पण सोसा.

हवेतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशात उतरतात. तिथल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते गिळतात. जंतू असता तर पचला असता. कण पचत नाही. तो ज्या पिशवीत कोंडलेला असतो ती फाटते, आतली विकरं पेशीत सांडतात, आणि त्या गडबडीत एनएलआरपी३ नावाची प्रथिनं एकत्र येऊन एक यंत्र उभं करतात: इन्फ्लमासोम. हे यंत्र कास्पेज-१ नावाची कात्री चालू करतं. इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं कच्चं रूप पेशीत तयार पडलेलं असतं. कात्री ते कापते आणि कापलेला तुकडा बाहेर पडतो. हा झाला धोक्याचा भोंगा.

इथून दोन वाटा फुटतात. एकीकडे इंटरल्यूकिन-६ तयार होतं, रक्तातून यकृतापर्यंत जातं आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. दुसरीकडे तोच भोंगा शेजारच्या टाइप-२ पेशींना ऐकू जातो. वायुकोशाला इजा झाली की विभागून डागडुजी करणं हे यांचं काम. आणि यांच्यातल्या एखादीत ईजीएफआर किंवा केआरएएस हे पेशीच्या वाढीशी संबंधित जनुक आधीच बिघडलेलं असू शकतं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये निरोगी दिसणाऱ्या फुप्फुस-ऊती तपासल्या, तेव्हा ईजीएफआरमधले असे बदल १८ टक्के आणि केआरएएसमधले ५३ टक्के नमुन्यांत मिळाले. असे बदल झालेल्या बहुतेक पेशी जन्मभर झोपून राहतात. उंदरांवरच्या प्रयोगांत प्रदूषित कणांनी या झोपलेल्या पेशींना जागं केलं. इंटरल्यूकिन-१ बीटा अडवल्यावर गाठी कमी झाल्या.

तेव्हा सीआरपी आणि कर्करोग हे बाप-लेक नव्हेत, फार तर भावंडं. एकाला दटावून दुसरा सुधारत नाही.

मूळ भोंगाच बंद केला तर? कॅनाकिनुमॅब हे औषध नेमकं तेच करतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,०६१ जणांवरच्या चाचणीत (२०१७) सर्वात मोठा डोस घेणाऱ्या गटात फुप्फुस-कर्करोगाचे मृत्यू ७७ टक्क्यांनी कमी निघाले. पण चाचणी हृदयासाठी आखलेली होती, आणि औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. पुढे तेच औषध निदान झालेल्या फुप्फुस-कर्करुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा अपेक्षित फायदा दिसला नाही. पेशी जागी होऊन गाठ वाढू लागल्यावर भोंगा बंद करून उपयोग होत नसावा, असा माझा तर्क आहे.