बीएमआय नॉर्मल, पण पोटाचं काय?

बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) कसा काढतात हे आता सगळ्यांना पाठ आहे: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. मुलांचा आकडा मोठ्यांच्या निकषांवर न तोलता वयानुसारच्या तक्त्यात बघायचा, एवढं सांभाळलं की झालं. घोळ होतो तो पुढे. “बीएमआय नॉर्मल आलाय, मग पोटाचं एवढं काय?” हे मुलांच्या आईबापांकडून ऐकून ऐकून कान किटले आहेत.

उंचीच्या मानाने वजन किती, एवढंच बीएमआय सांगतो. ते वजन हाडांचं, स्नायूंचं की चरबीचं आणि चरबी कुठे साठलीय, याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे कबड्डी खेळणारा दणकट मुलगा जाड ठरू शकतो आणि काटकुळ्या हातापायांचा, पण पोटावर शर्टाची बटणं ताणलेला मुलगा खुशाल सुटतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

चिमटीत येणारी, कातडीखालची चरबी त्या मानाने गरीब. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठते ती यकृताच्या शेजारीच बसून, रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळे आणते. कमरेचा घेर मोजायची टेप या दोन चरबी वेगळ्या करून दाखवत नाही, पण काट्यापेक्षा खऱ्याच्या बरीच जवळ जाते.

मात्र टेप लावायची ती नीट. पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेली मुलं पॅन्ट पोटाच्या खाली बांधतात आणि नंबर वर्षभर तोच राहतो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडू द्यायचा, पोट आत ओढू द्यायचं नाही. हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. पंधरा वर्षांचा मुलगा, उंची १६० सेंटिमीटर, वजन ५२ किलो: बीएमआय २०.३, बिनघोर. घेर ८३ भरला तर? निम्मी उंची ८०. म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवं.

सवयींचं नवीन काही नाही: रोज तासभर घाम येईल असा खेळ, आठ ते दहा तास झोप, क्लासच्या आधी वडापाव-शीतपेयाची जोडी बंद. शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ५० ग्रॅम साखर असते. पोट उतरावं म्हणून पोराकडून नुसते पोटाचे व्यायाम करून घेणाऱ्यांना मात्र हात जोडतो. ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी जाते, असं होत नाही. दर रविवारी काट्यावर उभं करणंही थांबवा. वाढीच्या वयात उंची आणि स्नायू वाढतात, त्यामुळे पोट कमी होत असतानाही काटा पुढेच सरकतो. “उंची वाढली की पोट आपोआप उतरेल” म्हणणाऱ्या काकवांनी तरी वर्षातून दोनदा टेप लावून बघावी.

आणि मानेवर मखमलीसारखा काळा, जाडसर पट्टा दिसत असेल तर तो मळ समजून उटण्याने घासत बसू नका. पोट सुटलेल्या मुलांत ती बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते.