चूक लवकर कळावी म्हणून

एखाद्या ग्रंथालयासाठी पुस्तके राखून ठेवण्याची संगणकप्रणाली तयार करायची आहे, असे समजू. सगळ्या मागण्या आधी लिहून घ्यायच्या, त्यांवर सह्या घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग चाचणी आणि वर्षभराने प्रणाली वाचकांच्या हाती, हा क्रम मोठा शिस्तीचा वाटतो. पहिल्याच दिवशी मात्र असे आढळते, की शोधाची चौकट पुस्तकाचे पूर्ण नाव मागते आणि वाचकांना बहुधा लेखकाचे आडनाव व नावातला एखादाच शब्द आठवत असतो. दुसऱ्या आठवड्यात कळली असती तर ही चूक दुपारभरात दुरुस्त झाली असती. वर्षानंतर ती डेटाबेसपासून अहवालांपर्यंत सगळीकडे मुरलेली असते.

टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या या पद्धतीला ‘वॉटरफॉल’ (धबधबा) म्हणतात. गंमत अशी, की तिचे मूळ म्हणून संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील ज्या निबंधाकडे नेहमी बोट दाखवले जाते, त्यात हा शब्दच नाही. चाचणी अगदी शेवटी ठेवणारी अशी सरळ उतरण धोक्याची आहे, असे रॉइस यांनी त्यात बजावलेही होते. लोकांनी त्यातली पायऱ्या उतरत जाणारी आकृती तेवढी उचलली.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलंड ही त्यांतली काही नावे. त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या कार्यपद्धती होत्या आणि त्या सगळ्यांना तोवर ‘हलक्या’ पद्धती म्हटले जाई. या बैठकीत ‘अ‍ॅजाइल’ (म्हणजे चपळ) हा शब्द अशा पद्धतींसाठी ठरला आणि चार मूल्यांचा एक छोटा जाहीरनामा तयार झाला: प्रक्रिया व साधने यांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद, सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. यांतील मागे ठेवलेल्या गोष्टींनाही मोल आहे, असे जाहीरनामा स्पष्ट सांगतो. तरीही ‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ म्हणून एक ओळही लिहून न ठेवणारे गट आढळतात, आणि जुना माणूस सोडून गेला की त्याने लिहिलेला प्रोग्रॅम उलगडण्यात बाकीच्यांचे आठवडे जातात.

जाहीरनाम्यासोबत १२ तत्त्वे आहेत. त्यांतले माझ्या मते सर्वांत कठोर तत्त्व म्हणजे चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप. ‘नव्वद टक्के काम झाले’ या वाक्याला तिथे किंमत नाही. म्हणूनच दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या अंतराने, आणि जमेल तेवढे लवकर, वापरता येईल असा भाग ग्राहकाच्या हाती द्यावा, असे दुसरे एक तत्त्व सांगते.

उशिरा आलेल्या मागण्यांचेही स्वागत करावे, हे तत्त्व ऐकायला उदार वाटते, पण निव्वळ मनाच्या मोठेपणावर ते पाळता येत नाही. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे काही मोडत तर नाही ना, हे काही मिनिटांत सांगणाऱ्या स्वयंचलित चाचण्या हव्यात आणि प्रोग्रॅमची रचना सुटसुटीत हवी. तांत्रिक गुणवत्तेकडे सतत लक्ष द्या, हे तत्त्व यादीत आहे ते याचसाठी. ते गाळून अ‍ॅजाइल गटांमधल्या रोजच्या, उभ्यानेच घ्यायच्या छोट्या बैठका नुसत्या उचलल्या, तर त्यांची हजेरी होते. प्रत्येक जण काल काय केले ते वरिष्ठांना सांगतो आणि अडलेले काम अडलेलेच राहते.

आपल्या ग्रंथालयाच्या प्रणालीत पहिल्या पंधरवड्यात फक्त शोध आणि ‘राखून ठेवा’ हे बटण दिले, असे समजा. वाचक कसे शोधतात हे पाहून दुसऱ्या पंधरवड्यात लेखकाच्या आडनावाने शोध घेण्याची सोय होते. दरम्यान ग्रंथपालांशी बोलताना कळते, की मूळ यादीतल्या बारा अहवालांपैकी ते दोनच उघडून पाहणार आहेत. न केलेले काम जास्तीत जास्त ठेवण्याची कला म्हणजे साधेपणा, असे आणखी एक तत्त्व आहे. उरलेले दहा अहवाल यादीतून खोडले जातात.