आल्याचा चहा फाटला की दूधवाल्याला शिव्या कशाला?

मागच्या महिन्यात धुळ्याला काकांकडे गेलो होतो. पाहुणे आलेले, काकूची घाई, म्हणून तिने दूध, पाणी, पत्ती, साखर आणि किसलेलं आलं असं सगळं एकदमच पातेल्यात टाकून बारीक गॅसवर ठेवलं आणि ती पाहुण्यांशी बोलत बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "च्या फाटी गया!" झालं. काकांनी मोबाईल काढून फॅमिली ग्रुपवर आलेलं फॉरवर्ड दाखवलं, की आल्याने दूध फाटलं तर समजायचं दूध केमिकलचं आहे. शेजारच्या आजींनी नजर लागल्याचं निदान केलं, मीठ-मोहऱ्या ओवाळा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला तर काकांनी त्याला गेटवरच धरलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "दूध मन्हं, पन आलं ते तुमनं ना भो!"

आता गंमत अशी की सगळ्यात शास्त्रीय बोलला तो दूधवालाच.

दुधातल्या प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के प्रोटीन केसीन असतं. ते सुटं सुटं फिरत नाही, त्याचे गोळे असतात, मायसेल म्हणतात त्यांना, आणि एवढे बारीक की मिलिमीटरचे पाच-सहा हजार तुकडे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे साधारण एक गोळा. आता हे गोळे एकमेकांना चिकटत का नाहीत? तर प्रत्येक गोळ्याच्या अंगावर केसांसारखी लव असते, ती कापा-केसीन नावाच्या प्रोटीनची. ही लव पाण्यात पसरलेली असते आणि तिच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे दोन गोळे जवळ आले की एकमेकांना लांब ढकलतात. गर्दीच्या एसटीत सगळ्यांनी काटेरी स्वेटर घातलेत असं समजा, कोण कोणाला खेटेल? दूध पांढरं आणि एकजीव राहतं ते या लवेमुळे.

आणि आल्यात असतो न्हावी.

त्याचं नाव झिंजिबेन. हे प्रोटीन कापणारं एंझाइम आहे, सिस्टीन प्रोटिएज या जातीचं, म्हणजे त्याच्या कापणाऱ्या खाचेत सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं आणि त्यातला गंधकाचा अणू प्रोटीनच्या साखळीतल्या जोडावर हल्ला करतो. कच्च्या पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन ही त्याची भावंडं. आल्यातल्या या एंझाइमवर १९७३ मध्ये शोधनिबंध आला, पण आपल्याकडच्या बायका मटणाला आलं-लसणाचं वाटण चोळून ठेवतात त्यात हाच गडी थोडंफार काम करत असतो, मांसातलं कोलॅजन कापून मऊ करायचं. दुधात गेला की तो कापा-केसीनची लव भादरून टाकतो. लव गेली की चार्ज गेला, गोळे एकमेकांना चिकटले, दुधातलं कॅल्शियम मधे पूल बांधतं आणि झाल्या गुठळ्या. चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट टाकतात, तेही हीच लव कापतं, फक्त त्याची कात्री जास्त नेमकी आहे, ते १०५ आणि १०६ नंबरच्या अमिनो आम्लांच्या मधेच कापतं. (हे नंबर लक्षात नाही राहिले तरी चहा चांगला होतो.)

आता मुद्द्याची गोष्ट. या न्हाव्याला साधारण ६० अंश तापमान फार मानवतं. उकळत्या पाण्यात मात्र एंझाइमची घडी उलगडून जाते आणि कात्री बोथट. काकूने काय केलं होतं? आलं आणि दूध बरोबरच बारीक गॅसवर तापवलं, म्हणजे न्हाव्याला त्याच्या आवडत्या तापमानात निवांत वेळ दिला. तेच आलं आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळाखळा उकळलं आणि मग दूध टाकलं तर काही होत नाही. सुंठेचा चहा सहसा फाटत नाही तोही त्यामुळेच, सुकताना एंझाइमचा बराचसा जोर निघून जातो.

अर्थात दरवेळी आलंच दोषी असतं असं नाही. मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, सकाळचं दूध दुपारपर्यंत बाहेर राहिलं तर बॅक्टेरिया लॅक्टिक आम्ल करून ठेवतात आणि ते आम्ल लवेवरचा चार्जच पुसून टाकतं, मग नुसतं तापवलं तरी फाटतं. गुळाच्या चहाचंही असंच, गूळ किंचित आंबट असतो, म्हणून गूळ टाकल्यावर जास्त उकळू नये किंवा चिमूटभर खायचा सोडा टाकावा. काश्मीरच्या नून चायमध्येही सोडा असतो, तो हिरव्या पत्तीबरोबर बराच वेळ उकळतात आणि दूध घातलं की गुलाबी रंग येतो. आणि हो, जागोजाग गुळाच्या चहाच्या टपऱ्यांवर "शुगर फ्री" लिहिलेलं असतं ना, ते वाचून डायबेटिसवाल्यांनी दोन-दोन कप मारू नका. गुळात बहुतेक सुक्रोजच असतं, म्हणजे साखरच, फक्त रंगाने काळी.

काकांना हे सगळं सांगून पटलं नाही, म्हणून प्रयोगच केला. त्याच दूधवाल्याचं दूध, थोडी साखर, तापवून बोट जेमतेम टेकेल इतपत ठेवलं. एका वाटीत दोन चमचे ताज्या आल्याचा गाळलेला रस, दुसऱ्या वाटीत तेवढाच रस पण उकळून घेतलेला. दोन्हीत वरून दूध ओतलं आणि अजिबात हलवलं नाही. दहा मिनिटांनी दुसऱ्या वाटीत दूधच होतं, आणि पहिलीत चमचा उभा राहील असं घट्ट झालेलं. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात मुद्दाम असंच करून गोड म्हणून खातात, आपण ज्याला चहा बिघडला म्हणतो ते तिकडे स्वीट डिश.

काकूने चाखून पाहिलं, म्हणाली चिकासारखं लागतं, फक्त तिखट. काकांनी काही न बोलता वाटी पुसून खाल्ली. फॉरवर्ड मात्र अजून ग्रुपवर तसंच आहे.