माकडतापापासून हेंड्रापर्यंत : जंगलतोड आणि साथींच्या अभ्यासाचा मागोवा

गुरे दगावली किंवा माणसे आजारी पडली, की तेवढ्यापुरते जंगलाकडे लक्ष जायचे, आणि तेही संशयाने. वन्यप्राण्यांच्या आजारांचा अभ्यास बराच काळ असाच चालला. गुरांचा बुळकांडी रोग घ्या. १८८०च्या दशकाच्या अखेरीस बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर हा रोग पूर्व आफ्रिकेत शिरला. कळपच्या कळप संपले, पाठोपाठ रानम्हशी आणि विल्डबीस्ट नावाची मोठी हरणेही मेली. मग रोगाचा साठा रानातच आहे, असे अनेकांनी धरून चालवले. पुढे गुरांना लस टोचली जाऊ लागली आणि तिथल्या सेरेंगेटी या गवताळ प्रदेशातल्या विल्डबीस्टमधून रोग आपोआप ओसरला. १९६०च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले हे प्राणी १९७०चे दशक संपेपर्यंत दहा लाखांपुढे गेले. रोग गुरांकडून रानात जात होता. २०११ मध्ये तो जगातून संपल्याचे जाहीर झाले.

जंगलतोडीचा संबंध ठळक झाला तो कर्नाटकात. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ पसरली; हाच माकडताप. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास हाती घेतला, तेव्हा पहिला संशय पीतज्वराचा होता. निघाला वेगळाच, गोचिडीतून पसरणारा विषाणू. माकड मेले, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथल्याच पाचोळ्यात उतरतात. सरपणाला गेलेल्या माणसाला चावतात त्या बहुधा पूर्ण वाढ न झालेल्या, सहज नजरेस न पडणाऱ्या.

पण त्या इतक्या माजल्या कशा? संशोधक होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये याचा माग जमिनीच्या वापरात शोधला. शेतीसाठी जंगल तोडले गेले, वस्ती वाढली, गुरे रानात चरू लागली. प्रौढ गोचिडीला मोठ्या जनावराचे रक्त लागते, आणि ते गुरांनी भरपूर पुरवले. माकडतापात माकड स्वतःच बळी ठरते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. तरीही माकडांनाच दोष देण्याची सवय गेली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

१९९८-९९ मध्ये मलेशियात निपाह विषाणू आला. फळझाडांलगत मोठी वराहपालन केंद्रे उभी होती. वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत विषाणू गेला. शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली.

जंगलतोड आणि साथी यांच्या संबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र ऑस्ट्रेलियातून आला. १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरातल्या एका तबेल्यात घोडे आणि त्यांचे प्रशिक्षक दगावले. हा हेंड्रा विषाणू फळखाऊ वटवाघळांचा होता. पण तो काही हिवाळ्यांतच घोड्यांत का उतरतो, याचे उत्तर मिळायला पंचवीस वर्षांच्या नोंदी लागल्या. साथ ओसरली की निधी आटतो, अशा क्षेत्रात एवढा काळ कुणी झाडांचा बहर आणि वटवाघळांच्या वसाहती टिपत राहिले, हे मोलाचे आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, हिवाळ्यात फुलणारी निलगिरीची जंगले तुटत गेली. दुष्काळानंतर उरल्यासुरल्या झाडांचाही बहर हुकला, की उपाशी वटवाघळे छोट्या गटांनी शेतांजवळ आणि शहरांत मुक्काम ठोकतात, घोड्यांच्या कुरणातल्या झाडांवर उतरतात. ज्या हिवाळ्यांत जंगल चांगले फुलले, तेव्हा ती तिकडे परतली आणि घोड्यांना लागण झाली नाही. घोड्यांसाठी लस २०१२ पासून आहे. आता तिच्या जोडीला हिवाळी बहराची झाडे राखण्याचा आणि नव्याने लावण्याचा उपाय संशोधक सुचवत आहेत.