निरंतर पशुवैद्यकीय शिक्षण (इंदूर–महू परिसर)

पदवी मिळवून, राज्य पशुवैद्यकीय परिषदेकडे नाव नोंदवून जनावरांवर उपचार करू लागलेल्या पशुवैद्यकाने पुढची तीस-पस्तीस वर्षं जे शिकत राहायचं असतं, त्याला निरंतर पशुवैद्यकीय शिक्षण म्हणतात. उजळणी वर्ग, प्रात्यक्षिकं, परिषदा, नियतकालिकं हे सगळं त्यात येतं. व्यवसायाच्या बातम्या यातून वेगळ्या काढता येत नाहीत. कोणत्या औषधावर बंदी आली, कोणती लस निघाली, शेजारच्या जिल्ह्यात कोणता रोग उतरला, ही बातमीच गोठ्यात उभ्या असलेल्या डॉक्टरचा त्या दिवशीचा धडा असते. शिक्षण म्हटलं की नवं काहीतरी घेणं डोळ्यासमोर येतं. या व्यवसायात मात्र हाताला बसलेली सवय सोडणं हा त्याचा अधिक अवघड भाग आहे.

संस्था आणि कायदा

इंदूरजवळच्या महूची लष्करी छावणी इंग्रज-होळकरांमधल्या १८१८ सालच्या मंदसोरच्या तहानंतरची. इंग्रजी अमदानीत भारतातलं पशुवैद्यक मुख्यतः घोडदळाच्या घोड्यांपायी वाढलं. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं, तर पुढे मुक्तेश्वरला आणि मग इज्जतनगरला गेलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा आरंभ १८८९ साली पुण्यात झाला. आजच्या मध्यप्रदेशात जबलपूरचं महाविद्यालय १९४८ साली आणि महूचं १९५५ साली सुरू झालं. दोन्ही आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाखाली (स्थापना २००९) येतात. इंदूरहून महू पंचवीसेक किलोमीटर, त्यामुळे शहरात दवाखाना चालवणाऱ्याला सकाळच्या शस्त्रक्रिया आटोपून दुपारच्या व्याख्यानाला पोचता येतं. झाबुआ-अलीराजपूरच्या डॉक्टरला तेवढ्यासाठी अख्खा दिवस आणि बदली माणूस लागतो.

व्यवसायाचं नियमन १९८४च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्याने होतं. राज्य परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ब्रिटनमध्ये प्रत्येक पशुवैद्यकाला वर्षाला ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. आपल्याकडे ती मोजणी तशी रुजलेली नाही. केंद्राकडून राज्य परिषदांना व्यावसायिक कार्यक्षमता विकासासाठी निधी येतो, त्यातून प्रशिक्षणं होतात. कृषी संशोधन परिषदेचे उन्हाळी-हिवाळी वर्ग दीर्घकाळ एकवीस दिवसांचे असत आणि त्यांचा रोख अध्यापक-संशोधकांकडे. तहसिलीच्या ठिकाणी एकट्याने दवाखाना सांभाळणाऱ्या ‘पशु चिकित्सा सहायक शल्यज्ञा’ला एकवीस दिवस सोडायचं कोणी?

सोडून देण्याचे धडे

डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं उदाहरण या नोंदीत सविस्तर यायलाच हवं. लंगडणारा बैल, ताप आलेली म्हैस, कासदाह, या सगळ्यांवर हे स्वस्त इंजेक्शन हुकमी मानलं जाई. उपचार चालू असताना जनावर दगावलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो, हे २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून प्रसिद्ध झालं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या औषधाच्या दुकानातून गोठ्यात जातच राहिल्या; शेवटी २०१५ साली माणसांसाठीचं इंजेक्शनही ३ मिलीलिटरच्या एकेरी मात्रेपुरतं मर्यादित केलं गेलं.

पुढचा भाग व्यवसायाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. डायक्लोफेनॅक सोडलेले काही जण अॅसिक्लोफेनॅककडे वळले. गाईच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. म्हणजे बंदी पाळली, पण तिचं कारण कळलं नव्हतं. कीटोप्रोफेनही गिधाडांना घातक ठरलं. २०२३ साली या दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम आणि टॉल्फेनॅमिक आम्ल ही गिधाडांना सुरक्षित ठरलेली औषधं आहेत. परिपत्रक ‘हे वापरू नका’ एवढंच सांगतं. का, आणि त्याच्या जागी काय, हे समजावून सांगायला माणूस लागतो.

कोंबड्यांच्या खाद्यात आणि पाण्यात सर्रास जाणारं कोलिस्टिन २०१९ साली अन्नोत्पादक प्राण्यांसाठी बंद झालं. माणसांमध्ये बाकीची प्रतिजैविकं हरल्यावर राखून ठेवलेलं ते औषध आहे, एवढं कळलं की आक्षेपाला फारशी जागा उरत नाही.

अडकलेल्या वारेची (वासरामागून पडणाऱ्या झिल्लीची) गोष्ट वेगळी, कारण तिथे बंदी नाही, फक्त सल्ला आहे. व्यायल्यानंतर बारा-चोवीस तासांत वार पडली नाही की डॉक्टरने कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढायची, ही जुनी रीत. तिने गर्भाशयाला इजा होते आणि पुढचा माज लांबतो, म्हणून आता जनावराला ताप नसेल तर वाट पाहायला सांगतात. पण गोठ्याचा मालक शेजारी उभा असतो. हात घातला नाही तर डॉक्टरने केलं काय आणि पैसे कशाचे घेतले, असा त्याचा हिशेब. प्रशिक्षणात शरीरक्रिया शिकवतात. मालकाला काय उत्तर द्यायचं ते सहसा कोणी शिकवत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते.

त्याच हाताला ब्रुसेलोसिसचाही धोका असतो. सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूताबरोबर हा सांसर्गिक गर्भपाताचा रोगही घेतला आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना एकदाच द्यायची एस-१९ ही लस जिवंत जंतूंची आहे. सुई बोटात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर लस टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो, आणि मग चढता-उतरता ताप, सांधेदुखी, कित्येक आठवड्यांची औषधं. हातमोजे आणि चष्मा लावण्याची सवय लावणं हा कदाचित सगळ्यात स्वस्त उजळणी वर्ग असेल.

लंपीचं वर्ष

लंपी त्वचारोग १९२९ साली झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्याकडे तो २०१९ साली ओडिशात आला, २०२२ साली गुजरात-राजस्थानात भडकला आणि तिथून पश्चिम मध्यप्रदेशात उतरला. ज्यांनी तो परीक्षेपुरता वाचला होता, त्यांना अंगभर गाठी आलेली पहिली गाय गोठ्यातच पाहावी लागली. विषाणू शेळ्यांच्या देवीच्या कुळातला, म्हणून शेळ्यांची देवीची लस गाईंना टोचली गेली. गाईंसाठीच बनवलेली लस हिसारच्या अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेबरोबर तयार करून ऑगस्ट २०२२मध्ये जाहीर केली. त्या काही महिन्यांत मात्रा, साठवण, गाभण जनावराला टोचावी की नाही, हे प्रश्न एकमेकांना फोन करूनच सुटत होते. वर्ग नंतर भरले.

शहरी व्यवसाय

इंदुरात कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने चालवणाऱ्यांची भूक निराळी असते : सोनोग्राफी, भूल, दातांचे उपचार, गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार. या विषयांवरच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळांना औषधकंपन्या बऱ्याचदा पैसा पुरवतात आणि जेवणही चांगलं असतं. त्यात गैर काही नाही, फक्त व्याख्यानातलं औषध आणि मंडपाबाहेरच्या टेबलावरचं औषध एकच असेल तर ऐकणाऱ्याने सावध राहावं. प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ साली नव्याने आले, तेव्हापासून भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम करणाऱ्यांना नियमांचीही उजळणी करावी लागते.

भाषा

व्याख्यानं इंग्रजीत किंवा इंग्रजीमिश्रित हिंदीत होतात. इंदूरच्या मराठी घरातल्या पशुवैद्यकाला या सगळ्याचं आणखी दोनदा भाषांतर करावं लागतं. अकोल्या-परभणीकडे शिकलेला मित्र फोनवर घटसर्प, फऱ्या, कासदाह म्हणतो. त्याच रोगांना इंदूरजवळच्या देपालपूर-सांवेरचा शेतकरी गलघोंटू, लंगडा बुखार, थनैला म्हणतो. पावसाळ्याआधीच्या लसीकरणात सकाळी गावकऱ्यांच्या जनावरांना गलघोंटूचा टीका टोचून आलेला डॉक्टर रात्री त्या मित्राशी घटसर्पाबद्दल बोलतो, आणि दवाखान्याच्या नोंदवहीत दोन्हींसाठी पडतात ती रोगाच्या इंग्रजी नावाची दोनच अक्षरं : एच. एस.