फ्रँकेनस्टाईन हे राक्षसाचं नाव नाहीये

इंग्लंडात जीसीएसईच्या (म्हणजे तिथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) इंग्रजीला मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाईन' ही कादंबरी एक पर्याय असते आणि तिथल्या पोरांमध्येही हा समज असतोच, की फ्रँकेनस्टाईन म्हणजे तो हिरवा, मुका, मानेत बोल्ट असलेला राक्षस.

तर, फ्रँकेनस्टाईन आहे त्या राक्षसाला बनवणाऱ्याचं आडनाव, व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन, आणि तो डॉक्टरही नाही, इंगोलस्टाट युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी आहे. राक्षसाला अख्ख्या कादंबरीत नावच नाही, व्हिक्टर त्याला सैतान वगैरे म्हणतो तेवढंच. मुका तर अजिबात नाही, एका कुटुंबाचं बोलणं भिंतीच्या फटीतून चोरून ऐकत भाषा शिकतो, मिल्टनचं 'पॅराडाईज लॉस्ट' हे महाकाव्य वाचतो, आणि मग पानंच्या पानं बोलतो (माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात भारी भाग तोच). चपटं डोकं आणि बोल्ट 1931 च्या पिक्चरमधून आलेत, पोस्टरं सगळीकडे गेली त्यामुळे तेच डोक्यात बसलं, यात कुणाची चूक नाही.

चेक करायचं तर सोपंय. कादंबरी 1818 ची, कॉपीराइट नाही, फ्री मिळते. फाईलमध्ये फ्रँकेनस्टाईन सर्च करा, पुस्तकाचं नाव सोडलं तर व्हिक्टर किंवा त्याच्या घरचेच सापडतील. मग 1831 च्या आवृत्तीतलं पाचवं प्रकरण उघडा, कातडी पिवळी, केस काळे, दात पांढरेशुभ्र, हिरवा रंग कुठेच नाही.